हगादा कापायला मिळणार नाही

ठाणे, रविवार

चि. शुलमिथ हिला आईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या चित्रासाठीची यादी मिळाली. पणजीचं लुगडं, मलिद्याचं ताट, नवगावची माती आणि आजोबांचा हगादा, ‘पानं कापून कॅनव्हासवर चिकटवायला’. पहिल्या तीन गोष्टी मामाबरोबर पाठवते. हगादा नाही. पेसाहच्या सणाला आपण कोकणातले ज्यू मिसरातून सुटकेची गोष्ट वाचतो ते पुस्तक ते, एका बाजूला हिब्रू, एका बाजूला मराठी.

देवाचं नाव असलेला कागद आपण फाडत नाही, रद्दीत घालत नाही. जीर्ण झाला की कबरस्तानात नेऊन पुरतो. तू म्हणशील, मराठी बाजू कापते. त्या बाजूला ‘परमेश्वर’ छापलंय. मराठीतल्या नावाला नियम लागतो का, हे प्रार्थना चालवणाऱ्या हजानला मुद्दामच विचारलं नाही. ‘नाही लागत’ म्हणाला असता, तरी मी कात्री लावू दिली नसती.

काल कपाटातून काढला. मिसरावर आलेल्या दहा पीडांच्या पानावर जांभळट डाग आहेत. काळ्या मनुकांच्या सरबताचे. वाइन कुठली आणणार होते ते लोक? मनुका भिजत घालायच्या, कुस्करून गाळायच्या, त्यावरच किद्दुशची प्रार्थना. एकेका पीडेचं नाव घेताना बोट बुडवून थेंब ताटलीत टाकायचा; आजोबांचा हात थरथरायला लागला तसे थेंब पुस्तकावर पडायला लागले. एका डागाशेजारी त्यांनीच पेन्सिलीने लिहिलंय, ‘शु. रडली’. तुझा पहिला पेसाह. हे पान कापू म्हणतेस?

फोटो काढून पाठवते. देवाच्या नावावर बोट ठेवून काढीन, म्हणजे तुला छापायला, फाडायला मोकळीक. माझं बोट चित्रात येईल, येऊ दे.

तू चित्रकार सिओना बेंजामिनचा दाखला दिलास. आपल्यातलीच ती, मुंबईत जन्मलेली, आता न्यू जर्सीला असते. खरं सांगू, तिच्या निळ्या बायका पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला नाही आवडल्या. बायबलातल्या बाईला कृष्णाचा रंग कशाला, असं वाटलं. मग कळलं, तो आभाळाचा आणि समुद्राचाही रंग आहे. कुठल्याच एका गावाचा नसलेला. बरोबरच आहे की. फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन ती इकडे आली, आपल्या लोकांचे फोटो काढले, त्यांच्या गोष्टी ऐकल्या आणि त्या फोटोंवर रंगवलं. आणि आपल्यात हे काही नवीन नाही हं. पुण्यात १८७४ साली छापलेल्या मराठी हगादातल्या चित्रांत बायका लुगडी नेसून मात्सा, म्हणजे पेसाहची बिनखमिराची भाकरी, करताना दाखवल्यात. तुझ्या कॉलेजात कुणी ‘साडी कशाला’ म्हणालं, तर ते चित्र दाखव.

आता माती. नवगावला रिक्षाने गेले. आपल्या पूर्वजांचं गलबत फुटून सात बायका नि सात पुरुष वाचले, बाकीच्यांना तिथे पुरलं, ही गोष्ट तुला आजीने हजारदा सांगितली आहे. त्या कबरस्तानातून माती उचलवेना. बाहेर येऊन एका माडाखालची घेतली, निम्मी वाळूच आहे, शिंपल्यांचे तुकडेही आहेत. ते चाळू नकोस.

एक विचारू? चित्राला तू ‘जमीन’ नाव देणार म्हणालीस. आपल्या घराकडे जमीन होती कुठे? तेलाचा घाणा होता. शनिवारी बंद, म्हणून शनवार तेली. सातबाऱ्यावर नाव नाही, पण गाव आडनावात: पेणकर, रोहेकर, दिवेकर. आणि इस्रायलला गेल्यावर ‘तुम्ही खरे ज्यू का?’ म्हणून आपल्याच लोकांना अडवलं, १९६४ साली तिथल्या संसदेने, क्नेसेटने, ‘हे खरेच ज्यू’ असं ठणकावून सांगेपर्यंत. दाखवायचं तर हेही दाखव. नाव मात्र तुझं तू ठरव.

पणजी गेली तेव्हा यरुशलेमची चिमूटभर माती तिच्या डोळ्यांवर घातली होती. आजोबांनी कितीतरी वर्षं ती काडेपेटीत जपून ठेवली होती. आता मी इथली, खोबरेल तेलाच्या बाटलीत भरून, तिकडे पाठवतेय. झाकण नीट बसत नाही, सेलोटेप लावली आहे. बाटली उभी ठेव म्हणून मामाला बजावून सांग, माझं तो ऐकत नाही.

तुझी,
आई