सरांच्या खुर्चीखाली

वंदू,

सरांनी खुर्चीखाली कप टाकला. आपल्या गाण्याच्या सरांनी गं. चहा संपवला, कप मुठीत चेपला, वाकून पायाशी ठेवला आणि टाचेनं मागे सरकवला, आणि हे सगळं डोळे मिटून, कारण स्टेजवर तानपुरे लागत होते. मी मागच्याच मोकळ्या पट्ट्यात उभी, हातात रबरी मोजे, गळ्यात स्वयंसेवकाचं कार्ड. घरी येऊन ह्याला सांगितलं तर म्हणाला, "बरं, मग?" लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, म्हातारा माणूस आहे, सोड ना." म्हणजे आता उरलीस तूच.

किती दिवसांनी लिहितेय त्याचा हिशोब काढत बसू नकोस. तुझा तो लांबलचक मेसेज आला तेव्हा उद्या निवांत उत्तर देते म्हणलं, आणि तो उद्या काही उगवला नाही. तब्येत बरी. गुडघा आहे तसाच आहे, गोळी चालू आहे, झालं.

तर आमच्याकडच्या शाळेच्या मैदानावर तीन दिवसांचा संगीत महोत्सव असतो, तुला मागे बोलले होते बघ. सवाई गंधर्व महोत्सवाएवढा मोठा नाही, पण गाणारे चांगले येतात. ह्या वर्षी त्यांना 'हरित महोत्सव' करायचा होता म्हणून आमच्या सोसायटीच्या कचरा ग्रुपला विचारलं. ग्रुप म्हणजे मी, खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड काका, दोन कॉलेजची पोरं आणि पिंट्या. हो, तोच पिंट्या, आता टक्कल पडलंय आणि कंपोस्टवर भाषणं देतो. मी हो म्हणलं त्याचं खरं कारण सांगू का, फुकट गाणं ऐकायला मिळेल. हस तू.

मला वाटलं होतं डबे ठेवायचे, पाट्या लावायच्या आणि मागे उभं राहून ऐकायचं. कसलं काय. तुला माहितीये का, महोत्सवात सगळ्यात जास्त छळतो तो चहाचा कप. प्लेटा उसाच्या चिपाडाच्या होत्या, त्या वड्याच्या चटणीसकट ओल्यात गेल्या, प्रश्न मिटला. पाण्याच्या बाटल्या भंगारवाला घेतो, पुठ्ठा घेतो. पण कागदी कप कागदी नसतोच गं, आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा गळेल ना. तो थर सोलून काढायला कोण बसणार, म्हणून भंगारात त्याला कोणी विचारत नाही. आणि प्रत्येक कपात लोक दोन घोट ठेवून देतात. पुणेकर चहा पूर्ण का पीत नाही हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. ते दोन घोट सुक्या डब्यात गेले की खालचा पुठ्ठा, कागद, सगळं भिजून काळं, मग त्याला भाव शून्य. शेवटी पिंट्यानं बादलीवर मोठी चाळणी बांधली, आधी चहा त्यात ओता, मग कप एकात एक घालून शेजारी उभे करा. एवढंच. पण त्यानं जादू झाली, आधी ज्या कपांनी अख्खा डबा भरायचा ते नंतर दोन उभ्या चळतींमध्ये मावले. पिंट्या दिवसभर असा मिरवत होता की जणू चाळणीचा शोधच त्यानं लावला.

आणि निवेदिका बाई दर दोन कलाकारांच्या मध्ये मधाळ आवाजात सांगणार, "आपला महोत्सव संपूर्णपणे प्लास्टिकमुक्त आहे." प्लास्टिकचे कप २०२२ च्या जुलैपासून देशभर बंदच आहेत बाई, त्यात तुमचं काय कौतुक! आणि ती ज्याच्या शेजारी उभी होती ना, तो फुलांचा भलामोठा ताटवा, त्याची सगळी फुलं त्या हिरव्या स्पंजात खोचलेली. तो स्पंज पण प्लास्टिकच असतो, हाताला चुरा लागतो तो कुजत नाही, मातीत जाऊन बसतो. तिसऱ्या रात्री ते मीच उपसलं, झेंडू एकीकडे आणि तो हिरवा भुगा एकीकडे. मागचे फ्लेक्स वेगळेच.

पहिल्या रात्रीची गोष्ट तर विचारूच नकोस. आम्ही साडेदहापर्यंत ओलं वेगळं, सुकं वेगळं, कप वेगळे करून पिशव्या बांधल्या आणि आयोजकांनी ठरवलेला टेम्पोवाला आला, त्यानं सगळ्या एकावर एक फेकल्या, दोन फुटल्या पण. मी भांडले. तो म्हणाला, ताई एकच गाडी हाय, सांगा कुठं ठेवू. त्याचं पण काय चुकलं म्हणा. घनकचऱ्याच्या सरकारी नियमांत लिहिलंय की असा शंभराच्या वर माणसांचा कार्यक्रम करणाऱ्यानं पालिकेला आधी कळवायचं आणि कचरा जागच्या जागी वेगळा करून द्यायचा, मी ते छापून आयोजकांच्या टेबलावर ठेवलं होतं, त्यावर कोणीतरी चहाचा कप ठेवलेला मिळाला. मग दुसऱ्या दिवशी काकांनी ओळखीनं दोन कचरावेचक ताई आणल्या. पुण्यात ह्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासूनची आहे, तरी आपण घंटा वाजली की डबा ठेवतो आणि दार लावून घेतो. त्यातली एक ताई एक नजर टाकून सांगायची, ही बाटली जाईल, ही नाही जाणार, हे चकचकीत पाकीट तर कुणीच घेत नाही. मी विचारलं, गाणं कसं वाटलं. म्हणाली, बरं होतं, पण लई लांबलं.

आता मुद्द्याकडे येते. हसत हसत टाळत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मारवा राग होता. कोण गात होतं ते फोनवर सांगेन, इथे लिहिलं तर तू आधी त्यावरच भांडशील. आलापीत मैदान असं गप्प झालं की मागच्या झाडावरचे पक्षी ऐकू येत होते. तुला आठवतंय ना सर मारवा कसा शिकवायचे, पंचम नाहीच आणि सा पण लवकर द्यायचा नाही, ऐकणाऱ्याला कोमल रिषभावर ताटकळत ठेवायचं, आणि मग सा आला की घरी पोचल्यासारखं होतं. मी डब्यांपाशी उभी राहून त्या सा ची वाट बघत होते. आणि त्याच वेळी पुढच्या बाजूला कुणीतरी बाटली चुरगाळली. टकटक कडकड. माझं डोकं तिकडे वळलं, ही कुठे टाकणार, डब्यात की खुर्चीखाली, झाकण लावून टाकणार की पाण्यासकट. आणि सा येऊन गेला. वंदू, मारव्याचा सा माझ्या डोळ्यांदेखत, म्हणजे कानांदेखत, निघून गेला आणि मला पत्ता नाही.

किशोरीताई आमोणकर असत्या तर त्या बाटलीवाल्याला तिथल्या तिथे सुनावलं असतं.

बरं, कप ह्याच्या आधीचा. तानपुरे लागत असताना सरांनी टाकला, मारवा झाल्यावर मी वाकून उचलायला गेले. खाली बघितलं तर एक नाही, तीन कप होते, पेपर नॅपकिन, आणि राजगिरा वडीचा कागद. सरांनी डोळे उघडले, मला ओळखलं, खूष झाले, डोक्यावर हात ठेवला. आणि म्हणाले, "अगं ते राहू दे, ते करणारी माणसं आहेत." मी म्हणलं, "सर, ती मीच आहे." ते हसले. त्यांना विनोद वाटला.

आता मला सांग, हा तोच माणूस ना ज्यानं रमणबागेत सवाईला मध्यरात्री तुला शेंगा सोलल्या म्हणून उठवून मागच्या सतरंजीवर पाठवलं होतं? सगळ्यांसमोर? "शेंगा खायला आलात का गाणं ऐकायला," आणि तू रडलीस आणि मग मागे जाऊन उरलेल्या शेंगा खाल्ल्यास ते वेगळं. तेव्हा सवाई रात्रभर असायचा, थंडीत शालींमध्ये गुरफटून सकाळपर्यंत, शेवटी सवाई गंधर्वांच्या भैरवीची रेकॉर्ड लागली की सगळे उठायचे. आणि उठून आपण सरळ चहाला जायचो. मागे त्या मैदानावर काय राहायचं, ते कोण झाडायचं, हा प्रश्न तुला किंवा मला कधी पडला होता का? नाही. (त्याच रात्रीचं तुझं माझं ते भांडण, बागेश्री का रागेश्री. शुद्ध गंधार होता बाई, म्हणजे रागेश्रीच, मी अजून म्हणते. पंचवीस वर्षं झाली तरी तू ऐकत नाहीस.)

तिसऱ्या दिवसानंतर सरांचा फोन आला. "मारवा कसा झाला?" मला गोड काहीतरी बोलता आलं असतं. मी म्हणलं, "सर, सा कधी लागला तेच कळलं नाही मला." पलीकडे शांतता. मग म्हणाले, "मग आलीस कशाला?"

तेव्हापासून हे डोक्यात फिरतंय. मला सरांचा राग आलाय, आणि राग आला ह्याचाच जास्त त्रास होतोय. आणि त्यांचा प्रश्न चुकीचा पण नाही ना. कान तयार करायचा म्हणजे काय शिकवलं त्यांनी आपल्याला? बाकीचं सगळं बंद करायचं. हॉर्न, शेजारचं कुजबुजणं, आपली भूक, आपली मांडी अवघडलेली, सगळं. त्यांनी ते इतकं साधलंय की पायाखालचा कप त्यांना दिसतच नाही. आळस नाही तो, उर्मटपणा पण नाही. म्हणजे थोडा आहे, "ते करणारी माणसं" मध्ये आहे, तो मी माफ करणार नाही. पण बाकीचा त्यांचा रियाजच आहे. आणि माझं उलटं झालंय, मला आता सगळंच ऐकू येतं. परवा घरी रेकॉर्ड लावून बसले तर वरच्या मजल्यावरची पिशवी घसरल्याचा आवाज आला आणि मी मनात म्हणलं, ओला. सांग आता. पुढच्या डिसेंबरात सवाईला तिकीट काढून खुर्चीवर बसले तरी मी लोकांच्या हातांकडेच बघणार की काय? असं तर नाही ना की एकदा मागची बाजू बघितली की पुढे बसताच येत नाही? पिंट्याला विचारलं तर म्हणाला, मला तर आधीपण ऐकू येत नव्हतं. त्याचं बरं आहे.

तू असतीस तर आपण वेताळ टेकडीवर गेलो असतो आणि तू मला दोन शिव्या देऊन मोकळी झाली असतीस.

बरं तुझं काय? घराचं रजिस्ट्रेशन झालं का? धाकट्याचं बारावीचं वर्ष ना, त्याला जास्त बोलत जाऊ नकोस, आपण काय दिवे लावले होते. आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं की कळव. नागपूरच्या संत्र्यांची बर्फी ह्या वेळी पाठवू नकोस, शुगर बॉर्डरवर आहे (पाठवलीस तर ह्याला देईन).

आता काम. फेब्रुवारीत सरांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, विद्यार्थी मिळून करतोय, हॉल ठरलाय, चहा-खाण्याचं माझ्या गळ्यात पडलंय. केटररनं यादी दिली त्यात कागदी कप, थर्माकोलसारख्या दिसणाऱ्या वाट्या आणि ती चकचकीत द्रोणं. मी सगळं खोडलं आणि भाड्यानं स्टीलचे पेले आणि ताटं सांगितली, धुवायला दोन बायका, त्यांना पैसे नीट द्यायचे. ह्यावर ग्रुपवर चर्चा पेटलीय, सरांना पेल्याचा खणखणाट आवडणार नाही म्हणतात, गाणं चालू असताना आवाज होईल. मुद्दा खरा आहे, म्हणून मी म्हणलं, गाणं चालू असताना चहाच नाही. गाणं झालं की चहा. हे सरांना पण पटायला पाहिजे, त्यांचंच तत्त्व आहे. पण त्यांना माझ्याकडून ऐकायला नको वाटेल, आधीच तो फोन झालाय. तू लाडकी आहेस, कायम होतीस, शेंगा सोडल्या तर. तू फोन कर आणि सांग की चहा मध्ये नको म्हणून. कपाचं काढू नकोस. काढलंस तर मी सांगितलं म्हणू नकोस.

आणि त्या दिवशी तुझी खुर्ची मी पुढे धरून ठेवणार आहे, तिकीट काढ. वर्गणी हजार रुपये, भांडी धुण्याचे त्यातच आले, मला पाठव, पिंट्याला नको, तो विसरतो.

तुझी,
मनी