शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: पुस्तकावरचा इयत्तेचा शिक्का काढा

मा. शिक्षणमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी एका शाळेचं ग्रंथालय सांभाळते. दरवर्षी आपल्या खात्याकडून पुस्तकांची पेटी येते. आतल्या प्रत्येक पुस्तकावर ठळक गोल शिक्का असतो: इयत्ता पहिली, इयत्ता तिसरी, इयत्ता पाचवी. पत्र या शिक्क्याबद्दल आहे.

सहावीतला एक मुलगा अजून अक्षरं जुळवत वाचतो. एका दुपारी त्याने आपणहून डायनासोरचं पुस्तक उचललं. मागून कोणीतरी ओरडलं, “अरे, ते दुसरीचं आहे!” त्याने पुस्तक जागेवर ठेवलं आणि त्या दिवशी दुसरं काहीच घेतलं नाही. शिक्का छापलेला, खोडता येईना. शेवटी मी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं.

वयाचा विचार करूच नये, असं मी म्हणत नाही. उलट तो आपल्या यादीत पुरेसा झालेला नाही. नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचं बरं दिसतं, म्हणजे मांडीवर घेतलेल्या बाळाला घेणाऱ्याचा चेहरा दिसतो तेवढ्या अंतरावरचं. त्याला ठसठशीत काळीपांढरी चित्रं हवीत. पुढे पुस्तक आधी तोंडात जातं आणि मग डोळ्यांसमोर येतं, म्हणून जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची पानं हवीत. पण या मुलांना इयत्ता नाही, म्हणून पेटीत त्यांच्यासाठी एकही पुस्तक नाही! शाळेत धाकटी भावंडं कडेवर येतात, त्यांच्या हाती मी काय देऊ? इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला 1992 साली बाळांच्या कुटुंबांना मोफत पुस्तकं देण्याची ‘बुकस्टार्ट’ योजना सुरू झाली. तिथे शाळेत नाव घालेपर्यंत कोणी थांबलं नाही.

तीन ते पाचच्या मुलांचं पुस्तक पारखायला मी एकच कसोटी लावते: मोठ्याने वाचून बघायचं. आपली जीभ अडखळली किंवा तिसऱ्यांदा वाचताना कंटाळा आला, तर ते परत ठेवायचं. मूल तेच पुस्तक तीस वेळा मागणार असतं. पुढच्या ओळीत काय येणार हे ठाऊक असणं, हाच त्याचा आनंद. आणि चित्राने शब्दांचीच री ओढू नये. वाक्यात नसलेली मांजर चित्रात कुठेतरी लपलेली असावी.

शिक्क्याचा खरा घोटाळा सहा ते आठ वयात होतो. या वयाच्या मुलाला दोन वेगळी पुस्तकं लागतात: एक स्वतः वाचायचं आणि एक ऐकायचं. स्वतः वाचताना जोडाक्षर आलं की ते थांबतं. पण तेच मूल रोज एक प्रकरण ऐकत आख्खी कादंबरी संपवतं. कानाला कळणारी भाषा डोळ्यांना वाचता येणाऱ्या भाषेच्या बरीच वर्षं पुढे असते. मग दुसरीचं पुस्तक कोणतं, वाचायचं की ऐकायचं? आपल्या शिक्क्याला हा प्रश्न पडलेला दिसत नाही. मी मुलांना बोटांचा हिशेब शिकवते: मधलंच एक पान उघडा, न कळलेल्या शब्दाला एक बोट मिटा. पाचही मिटली तर पुस्तक कोणाकडून तरी ऐका, नाहीतर स्वतः वाचा. ढोबळ आहे, पण निर्णय मूल घेतं.

नऊ ते बाराच्या मुलांना मालिका, कोडी, चित्रकथा, विनोद सगळं लागतं. पेटीत मात्र संस्कारकथाच जास्त. (त्या पुस्तकांची पानं अजून कोरी करकरीत आहेत.) माहितीची पुस्तकं घेताना कृपया छपाईचं साल बघा. 2006 पासून प्लूटो ग्रहांच्या यादीत नाही. आपल्या पेटीतलं एक पुस्तक अजून नऊ ग्रह मोजतं. चूक चौथीतल्या मुलीने दाखवली.

किशोरांबद्दल थोडंच सांगते: मृत्यू, प्रेम, भीती वगळलेली पुस्तकं ती मुलं घेत नाहीत.

हा वाद नवा नाही. 2008 मध्ये ब्रिटनमधल्या प्रकाशकांनी मुखपृष्ठावर वय छापायचं ठरवलं, तेव्हा फिलिप पुलमन यांच्यासह अनेक लेखकांनी विरोध केला. सावकाश वाचणाऱ्या मुलाला लहानांचा आकडा लाज आणतो, हे त्यांचं एक कारण होतं. माझ्या सहावीतल्या मुलाचंही तेच.

तेव्हा विनंती अशी. शिक्का काढा. मोठ्यांच्या माहितीसाठी यादीत लिहा: ऐकायला चांगलं, नवशिक्या वाचकाला झेपणारं, चित्रांतून कळणारं. तीन वर्षांखालच्यांसाठी पुस्तकं घाला. आणि निधीचा काही भाग शाळांकडे द्या, म्हणजे मुलांना रोज वाचून दाखवणारा माणूस पुस्तक चाळून, मोठ्याने वाचून निवडेल. मुलांसाठी पुस्तकं तयार व्हावीत आणि त्यांच्यापर्यंत पोचावीत यासाठी सरकारांनी प्रोत्साहन द्यावं, हे संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क कराराच्या कलम 17 मध्ये लिहिलेलंच आहे.

डायनासोरचं पुस्तक त्या मुलाने पुढच्याच आठवड्यात, कव्हर घातल्यावर, नेलं. तेव्हापासून मी एकेचाळीस पुस्तकांना कव्हरं घातली आहेत. पुढच्या पेटीआधी आपला निर्णय झाला, तर माझी रद्दी वाचेल.

आपली नम्र,
एक शालेय ग्रंथपाल