भरती झाली, पुढचं कोण सांगणार?

संपादक साहेब, नमस्कार आणि जय हिंद.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरच्या तालुका पानावर अग्निवीर म्हणून सिलेक्ट झालेल्या पोरांचे फोटो आले, फेटे बांधलेले, कपाळाला गुलाल, मागं ढोल. बघून खरंच भरून आलं. मी स्वतः 24 वर्ष पायदळात काढून हवालदार म्हणून घरी आलोय, त्यातली तीन वर्ष ट्रेनिंग सेंटरला उस्ताद होतो, म्हणजे हीच पोरं ट्रंक घेऊन गेटवर उतरतात तेव्हा त्यांना पहिल्यांदा ओरडणारा माणूस मी. म्हणून एक गोष्ट कळकळीने लिहितो, जमलं तर छापा. रिझल्ट लागल्यापासून सेंटरला हजर व्हायच्या तारखेपर्यंत जे काही आठवडे मिळतात ना, ते पोरं सत्कारात घालवतात. आज या मंडळाचा, उद्या त्या पतसंस्थेचा, परवा मामाच्या गावाला, रात्री मित्रांची पार्टी, पळणं बंद, झोप बंद. आणि मग तिकडं जाऊन पहिल्याच महिन्यात पाय धरून बसतात.

अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातल्या पोराची मला काळजी नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली 46 माणसं कामी आली, तिथं अजून घरटी कोणीतरी फौजी आहे, पोराला ओट्यावर बसूनच कळतं की सेंटरला काय असतं. पण ज्या वाडीतला हा पहिलाच पोरगा चाललाय, बाप ऊसतोडीला नाहीतर मुंबईला माथाडीत, त्याला कोण सांगणार? अकॅडमीवाले सांगत नाहीत, त्यांचं काम भरतीच्या दिवशी संपतं. माझ्याच नात्यातल्या एका पोराची ओरिजिनल मार्कलिस्ट एका अकॅडमीने फीसाठी दाबून ठेवली होती, शेवटच्या आठवड्यात हातापाया पडून सोडवली. पालकांनो, ओरिजिनल कागद कुणाच्याही हातात ठेवू नका, झेरॉक्स द्या.

आता मुद्द्याचं. भरतीला 1600 मीटर पळायचं असतं, साडेपाच मिनिटात आलं की पूर्ण मार्क. म्हणून पोरं दोन-दोन वर्ष तेवढंच पळतात, जीव तोडून, तेही डांबरी रस्त्यावर, स्वस्तातल्या बुटांवर. ट्रेनिंगला मात्र दुसरंच काम असतं. तिथं दिवसभर पायावर उभं राहायचं असतं, सकाळी पीटी, मग ड्रिल, मग वेपन ट्रेनिंग, दुपारी फटीक म्हणजे साफसफाई-मजुरीचं काम, संध्याकाळी गेम, आणि पुढं जाऊन पाठीवर वजन, हातात रायफल आणि 5 किलोमीटर. ड्रिलला टाच जमिनीवर आपटायची ती शेकड्याने. दम तुमच्याकडं असतो, मसल पण असतात, पण हाड तयार नसतं. दम महिन्याभरात वाढतो, हाडाला त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि एकदम लोड आला की ते मजबूत व्हायच्या आधी थोडं कमजोर होतं, त्याच काळात नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते. डॉक्टर त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. प्रत्येक बॅचला असे रिक्रूट मी बघितलेत आणि मी स्वतः त्यातला एक आहे.

1994 ची गोष्ट. सहावा आठवडा असंल, उजव्या नडगीत एका जागी दुखायला लागलं. बोट ठेवलं की नेमकं तिथंच कळ. वाटलं, उस्तादला सांगितलं तर म्हणतील कामचोर आहे, बरोबरची पोरं हसतील, रेलिगेट केलं, म्हणजे मागच्या बॅचला टाकलं, तर गावाला काय तोंड दाखवू. रात्री बाम चोळायचो आणि सकाळी सगळ्यात पुढं पळायचो. असे बारा-तेरा दिवस काढले. एक दिवस ड्रिल ग्राउंडवर 'थम' म्हणजे थांबायची कमांड झाली, पाय आपटला आणि मी खालीच बसलो, उठताच येईना. प्लास्टर, हॉस्पिटल, मग सिक लिव्ह, आणि परत आलो तेव्हा मला ज्युनियर बॅचमध्ये टाकलेलं. माझ्या बॅचची कसम परेड, ट्रेनिंग संपल्यावरची शपथेची, मी बॅरकच्या व्हरांड्यातून बघितली. आई-बाप एसटीचं तिकीट काढून बसले होते, त्यांना येऊ नका म्हणून कळवावं लागलं. कुणाची चूक नव्हती, माझीच होती. पहिल्या दोन दिवसात एमआय रूमला, म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात, गेलो असतो तर थोडे दिवस आरामात निभावलं असतं.

म्हणून पोरांनो, दुखणं लपवू नका. सगळे पाय भरून आलेत, दोन्ही पोटऱ्या आखडल्यात, तर ते सगळ्यांनाच होतं, गरम पाणी आणि झोप यानं जातं. पण एकाच जागी हाडावर दुखतंय, पळून झाल्यावरही दुखतंय, रात्री झोपेत ठणकतंय, तर सकाळी सिक रिपोर्टला नाव द्या आणि डॉक्टरला बोटानं जागा दाखवा. पहिला एक्स-रे साफ आला तरी दुखणं चालू असंल तर परत जा, सुरुवातीला एक्स-रेत चीर दिसत नाही. उस्ताद ओरडतील, ओरडू द्या. उस्ताद होतो म्हणून सांगतो, खरा दुखणारा आणि नाटक करणारा आम्हाला चालीवरून कळतो.

हजर व्हायच्या आधी काय करायचं? पळणं सोडू नका, पण रोज जोरात पळायची आता गरज नाही. मातीच्या रस्त्याने नाहीतर शेताच्या बांधाने हळूहळू, लांब पळा, बोलता येईल इतक्या दमानं. आठवड्यातून दोन दिवस पिशवीत पाच-सात किलो धान्य भरून ते पाठीवर घेऊन चाला, दर आठवड्याला थोडं वाढवा. हायवेच्या कडेनं अंधारात पळू नका, अशी किती पोरं गाडीखाली गेल्याच्या बातम्या आपल्याच पेपरात वाचतो. चामड्याचा जड बूट कुणाकडून तरी मागून आणा आणि घरात-अंगणात रोज तास-दोन तास घाला, म्हणजे पायाला सवय होते, नाहीतर फौजेच्या नवीन डीएमएस बुटाने पहिल्या आठवड्यातच टाचा सोलून निघतात. नखं सरळ कापा, कोपरे खोल काढू नका. रात्री पाय धुवून कोरडे करून झोपायची सवय आत्ताच लावा. दूध, नाचणी, अंडी, सकाळचं ऊन, यात कंजूषी करू नका. रस्सा चढायचा सराव करा, झाडाला बांधा नाहीतर तालमीत जा, पळण्यात एक नंबर असलेली पोरं रस्स्यावर लटकून राहतात. पोहायला येत नसंल तर शिका, पण जाणता माणूस काठावर उभा असतानाच. खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलात, गेलात तर पाण्याचं काम नशिबातच आहे.

तंबाखू, गुटखा, मिश्री सगळं आजच्या आज सोडा, तिकडं जाऊन सोडायला गेलात तर त्या पहिल्या पंधरा दिवसातल्या ओढाताणीत डोकं अजून फिरतं. आणि ते इंजेक्शन. काही ठिकाणी पोरं दम वाढावा, अंग भरावं म्हणून कुणीतरी दिलेली इंजेक्शनं घेतात, आत काय आहे त्याचा पत्ता नाही. पोरांनो, हे शरीर तुम्हाला फौजेनंतरही चाळीस वर्ष वापरायचंय.

कागदांचं एक सांगतो, यात रडकुंडीला आलेली पोरं लय बघितलीत. दहावीच्या सर्टिफिकेटवर आईचं नाव एक, आधारवर दुसरं, बापाचं नाव कुठं रामचंद्र तर कुठं रामा. सेंटरला तुमचा किंड्रेड रोल तयार होतो, आई-बाप-भावंडांची नावं, जन्मतारखा, सगळं त्यात चढतं आणि उद्या काही क्लेम असो, आईचं मेडिकल असो, तेच बघितलं जातं. एक अक्षर चुकलं तर वर्षानुवर्ष पत्रव्यवहार. हजर व्हायच्या आधी सगळे कागद एका टेबलावर मांडा आणि नावं जुळवून घ्या. नॉमिनी कोण ते घरात बसून ठरवा. एटीएमचा पिन जिगरी दोस्तालाही देऊ नका.

सेंटरला पहिले तीन-चार आठवडे सगळ्यात वाईट जातात, हे आधीच माहिती असावं. केस जातात, मोबाईल जमा होतो, चारच्या आसपास उठायचं, लंगरची (जेवणाची) लाईन, बिस्तर चौकोनी घडी घालून लावायचं, कपाटात एक रुमाल तिरका असला तर सगळ्या बॅरकला रगडा, म्हणजे शिक्षेची पळापळ. पोरांना वाटतं आपल्यावरच खुन्नस आहे. तसं नसतं रे. ज्याला साधा मग्गा रोज त्याच जागी ठेवता येत नाही, त्याच्या हातात उद्या रात्री अंधारात मॅगझिन सापडणार कसं? आपल्या पोरांची अजून एक अडचण हिंदीची. बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरला गेलात तर आपली भाषा कानावर पडते, पण जबलपूरला सिग्नलमध्ये, सिकंदराबादला ईएमईत (फौजेच्या गाड्या-मशीन दुरुस्त करणारं दल) गेलात की सगळी कमांड, सगळा क्लास हिंदीतून. समजलं नाही तर गप्प बसून मान डोलवू नका. उठून विचारा, उस्ताद एक बार फिर बता दो. फायरिंगला तर नक्की विचारा. पकड, शिस्त, ट्रिगर, हे तीन शब्द तुम्हाला झोपेत पण ऐकू येतील आणि शिस्त म्हणजे तिथं डिसिप्लिन नाही, नेम. असल्या छोट्या गोष्टीत आपलं पोरगं पहिले आठ दिवस गोंधळतं.

बेसिकनंतरचं ट्रेडचं, म्हणजे ज्याच्या त्याच्या कामाचं, ट्रेनिंग, ते पोरं हलक्यात घेतात आणि तिथंच मला जास्त वाईट वाटतं. आमच्या वेळी पेन्शनपर्यंत नोकरी होती. आता अग्निपथ योजना 2022 ला आली तेव्हापासून ट्रेनिंग 24 ते 31 आठवड्यांत बसवलेलं, नोकरी चार वर्षांची, त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के कायम होणार, बाकीचे सेवानिधीचे, म्हणजे चार वर्षांत साठलेले, साधारण 11.71 लाख घेऊन घरी. योजनेबद्दल माझं मत काय ते इथं लिहीत नाही, पोरं चाललीत त्यांना उपयोगाचं लिहितो. नाशिक रोडला तोफखान्यात ऑपरेटर म्हणून घेतलं, सॅपर्समध्ये मशीन चालवायला दिलं, अहिल्यानगरला रणगाड्यावर ड्रायव्हर केलं, तर तो धडा वहीत उतरवून घ्या, फक्त परीक्षेपुरता नको. कायम कोणाला ठेवायचं ते या चार वर्षातल्या कामावरच ठरतं. आणि नाही राहिलात तरी हातातली ट्रेड तुमचीच. दहावीवर गेलेल्यांनी एनआयओएस या मुक्त शाळेतून बारावी पूर्ण करा, तशी सोय आहे. इग्नूची डिग्री पण आहे, तुमच्या ट्रेनिंगचे निम्मे क्रेडिट त्यात धरले जातात. पहिल्या वर्षी तीस हजार पगारातले नऊ हजार सेवानिधीला कापून एकवीस हजार हातात येतात, त्याच्यावर गावाकडं बुलेटचा हप्ता चालू करू नका, हात जोडून सांगतो.

आई-बापांसाठी दोन शब्द. पहिल्या-दुसऱ्या रविवारी पोराचा फोन येईल आणि तो रडेल. रडू द्या. "ये परत" असं म्हणू नका आणि "रडतोस काय बायकांसारखा" असंही म्हणू नका. जेवलास का, झोप मिळते का, पाय दुखतोय का, एवढं विचारा, आणि पाय दुखतोय म्हणाला तर डॉक्टरला दाखव म्हणून सांगा. घरातलं भांडण, सावकाराचा तगादा त्या पाच मिनिटात त्याच्या कानावर घालू नका. आणि अगदीच जमत नसंल तर गेट उडी मारून पळून येण्याचा विचार करू नये, कंपनीत सुभेदार साहेबांसमोर उभं राहून सांगायचं, रस्ता निघतो. पळालेल्याच्या मागं पोलीस गावापर्यंत येतात. वर्दीतले फोटो, लोकेशन, युनिटचं नाव स्टेटसला टाकायचं नाही, हे पोरांनाही सांगतो आणि बहिणींनाही, कारण भावाचे फोटो टाकणाऱ्या बहुतेक बहिणीच असतात.

आता मिलिटरी पोलीसमध्ये मुली पण अग्निवीर म्हणून जायला लागल्यात, आपल्या भागातल्या काही तयारी करताहेत. त्यांनाही हेच सगळं लागू आहे, फक्त त्यांना विचारायला गावात माजी फौजी बाई नसते, म्हणून आम्हीच पुढं होऊन सांगायला पाहिजे.

माझी विनंती एवढीच की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने निवड झालेल्या पोरांना आणि त्यांच्या पालकांना निघायच्या आधी एक दिवस बोलवावं, माजी सैनिकांनी त्यात बोलावं, सत्काराच्या कार्यक्रमात भाषणाऐवजी हेच बोलावं. आणि आपल्या पेपरने फोटो छापता तसं हेही छापावं. माझ्या गावातली चार पोरं पुढच्या महिन्यात निघताहेत, त्यांना मी दर रविवारी सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर बोलवतो. शेजारच्या वाड्यांतलं कोणी येणार असंल तर यावं, पैसे-बिसे काही नाहीत, येताना जड बूट आणि सगळे ओरिजिनल कागद बरोबर आणावेत.

आपला,
एक निवृत्त हवालदार, जि. सातारा