मिस्त्रीमामा, बेअरिंग बसलं

मिस्त्रीमामा, सप्रेम नमस्कार.

पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, खरं तुमचं नाव घालत नाही. "नाव घालू नको, माणसं रात्री अकराला फोन करत्यात," असं तुम्हीच बजावलंय. नातू वाचून दाखवेल तेव्हा तुम्हाला कळेलच.

आमची गाडी तुम्हाला ठाऊक आहे. वाचणाऱ्यांना सांगतो, १९६८ ची टाटा-मर्सिडीज. टाटांचा डेमलर-बेंझशी करार १९५४ ते १९६९, म्हणजे जाळीवर तारा घेऊन आलेल्या शेवटच्या गाड्यांतली ही एक. तेव्हा आमचं बेळगाव म्हैसूर राज्यात होतं, कर्नाटक हे नाव १९७३ ला आलं. वडिलांनी तिच्यातून खानापूरची कौलं अनमोड घाटानं गोव्याला उतरवली. आता धंदा बंद. वर्षातून एकदा, शिवजयंतीच्या मिरवणुकीत, आमच्या गल्लीचा चित्ररथ तिच्यावर चढतो.

मिरवणूक म्हणजे क्लचची परीक्षाच. रात्रभर पहिला गिअर, दहा पावलं पुढं, पुन्हा उभं. आमचा धाकटा स्टिअरिंगवर आणि त्याचा डावा पाय कायम पेडलवर. गेल्या वर्षी पहाटे पेडल दाबलं की जात्यात खडा सापडल्यासारखी किर्र सुरू झाली. गिअरबॉक्स उतरवला तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबलं की पुढं सरकून क्लच सोडवणारं बेअरिंग, तापून निळं पडलेलं.

पहिलं नवं बेअरिंग मी आरसी बुकातलं साल सांगून आणलं. ते ज्या नळीवर सरकतं त्या स्लीव्हवर चढेचना. दुसरं चढलं. दुकानदार म्हणाला, "चालतंय, पेडल ॲडजस्ट करून घ्या." केलं ॲडजस्ट. आठ दिवसांत तेही ओरडायला लागलं. दोनदा गिअरबॉक्स खाली, दोनदा वर. ज्यानं जुन्या गाडीचा गिअरबॉक्स पाठीवर पडून चढवलाय त्यालाच हे दुःख कळेल. शिवजयंतीची वैशाख शुद्ध द्वितीया पंधरा दिवसांवर आलेली आणि गल्लीतली पोरं रोज विचारायची, "काका, गाडी हाय न्हवं?"

तेव्हा दोन्ही बेअरिंगं आणि बेअरिंग ज्यावर बसतं ते जुनं कॉलर वर्तमानपत्रात गुंडाळून तुमच्याकडे आलो. मी सुरुवात केली, "मामा, अडुसष्ठची..."

"तडी, तडी (कानडीत 'थांब'). साल सांगू नको. आत काय बसलंय ते दाव."

त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे.

कारण आत काय बसलंय ते मलाच धड माहीत नव्हतं. इंजिन वडिलांनी बदललेलं, ६९२ चं, म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटर बोअर. गिअरबॉक्स नंतरच्या कुठल्या तरी गाडीचा. क्लचची प्रेशर प्लेट तिसरीकडची. आरसी बुकात यातलं काहीच नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी आमच्या दारात येऊन घोंगडं पसरलंत आणि मापायचा व्हर्निअर माझ्याच हातात दिलात. स्लीव्ह तीन ठिकाणी मोजायला लावलीत, कारण जिथं कॉलर रोज सरकतं तिथं ती झिजते आणि एकाच जागी मोजलं तर फसगत होते. मग कॉलरचं आतलं माप. मग कॉलरसकट बेअरिंगची उंची.

चोर उंचीत सापडला. दुसरं बेअरिंग जुन्यापेक्षा चार मिलिमीटर उंच होतं. मला वाटलं होतं चार मिलिमीटरनं काय होतंय! तुम्ही बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कला हात लावून दाखवलंत. बेअरिंग आणि प्रेशर प्लेटचे फिंगर, म्हणजे बेअरिंग ज्यांना दाबतं ती बोटं, यांच्यात अडीच-तीन मिलिमीटर मोकळीक हवी, तीच पेडलवर इंचभर होऊन येते. बेअरिंग उंच आलं की ती मोकळीक संपते. मग पाय पेडलवर असो-नसो, ते फिंगरला चिकटून दिवसभर फिरतं आणि जळतं. ठेंगणं आलं तर उलटं. पेडल तळाला टेकलं तरी क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर खरडतात.

पुतण्यानं ऑनलाइन शोधलेलं तिसरं बेअरिंग तर तुम्ही मोबाइलवरच्या फोटोवरूनच बाद केलंत. त्याचं तोंड गोलसर होतं. फिंगरची टोकं गोल असतील तर बेअरिंग सपाट तोंडाचं लागतं, फिंगर सपाट असतील तर गोल तोंडाचं. आमच्या तिन्ही फिंगरची टोकं गोल. त्यातला एक फिंगर खाली बसलेला होता, तोही तुम्ही पट्टी आडवी धरून तिघांच्या ओळीत आणलात. नाही तर नवं बेअरिंगही डुगडुगत मेलं असतं.

मीही थोडं शहाणपण दाखवून घेतलं होतं. बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे पाचनं गुणले की आतलं माप निघतं, ६२०८ म्हणजे ४० मिलिमीटर, हे मी कुठंतरी वाचलेलं. मापाचं साधं बेअरिंग घालूया का, असं विचारलं. तुम्ही नुसतं बघितलंत. मग म्हणालात, "ते फिरायसाठी, हे ढकलून घ्यायसाठी." समोरून येणारा दाब सोसायला हे बेअरिंग वेगळं घडवतात, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं.

मापाचं बेअरिंग तुमच्याच ओळखीनं मिळालं. ते जुन्या कॉलरवर बसवायला आपण उद्यमबागच्या उद्योग वसाहतीत प्रेसवर गेलो. हातोडा घेतलेल्या पोराला तुम्ही जे कानडीत सुनावलंत ते इथं लिहीत नाही. त्याआधीच्या ठिकाणी माझ्यासमोर नवं बेअरिंग डिझेलमध्ये बुडवून "स्वच्छ" केलं होतं. आतलं ग्रीस धुवून गेलं की ते नवं राहत नाही, हे तुम्ही सांगितल्यावर मला त्या दिवसाचा राग आज आला. स्लीव्हवर तुम्ही ग्रीस लावलंत तेही बोटानं पुसून काढल्यासारखं. जास्त झालं की उडून क्लचप्लेटवर जातं.

धाकट्याला दिलेला दम कामी आला. "थांबलास की न्यूट्रल, पाय खाली." यंदा तो रात्रभर तसाच वागला. ढोल-ताशात बेअरिंगचा आवाज काय ऐकू येणार! म्हणून चित्ररथ उतरवल्यावर, उजाडता उजाडता, तुम्ही दाखवलंत तसा लांब स्क्रूड्रायव्हर हाऊसिंगला टेकवून मूठ कानाला लावली आणि पेडल दाबायला सांगितलं. बारीक, सारखी घूं. किर्र नाही. मी तिथंच रस्त्यावर बसून राहिलो.

मजुरी तुम्ही घेतली नाहीत. "तुझ्या बाबाची गाडी," एवढंच म्हणालात. बाबांना तुम्ही ओळखत होता हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याबद्दल एकदा निवांत बसून ऐकायचंय. तुमचे आभार कसे मानायचे ते मला नीट जमलेलं नाही, मामा, पण मनापासून आहेत.

तुमचा व्हर्निअर माझ्याकडेच राहिलाय. आणखी एक. कालपासून न्यूट्रलला, पाय पेडलवर नसताना, हलकी घरघर येते. पेडल दाबलं की बंद. म्हणजे तुमच्याच शिकवणीप्रमाणे हे रिलीज बेअरिंग नव्हे, गिअरबॉक्सचं पुढचं. रविवारी येऊ का?

तुमचा,
ताऱ्याच्या गाडीवाला