बिहजादची बंद दारे

संपादक महोदय,
पर्शियन लघुचित्रे म्हणजे निव्वळ नक्षीकाम, हा रविवारच्या पुरवणीतील लेखाचा सूर पटला नाही. हेरातच्या (आजचे अफगाणिस्तान) बिहजादने १४८८ मध्ये रंगवलेले युसूफ-झुलेखाचे चित्रच घ्या. युसूफ हा प्रेषित; झुलेखा ही त्याच्या मालकाची बायको, त्याला मोहात पाडू पाहणारी. चित्र ज्या हस्तलिखितात आहे ते पर्शियन कवी सादीच्या 'बुस्तान' या काव्याचे (सध्या कैरोत), पण सात दालनांच्या महालाची कल्पना सूफी कवी जामीची. जिने नागमोडी वर चढतात, दारामागून दार बंद. शेवटच्या दालनात झुलेखा झेपावते, युसूफ निसटतो. त्याच्या मस्तकाभोवती सोनेरी ज्वाळा, पावित्र्याची खूण. पाहायला तिथे तिसरे माणूस नाही, पण देवापासून दडणार कुठे? आणि लपायला सावली? ती चित्रात कुठेच नाही! लेखासोबत नक्षीदार चौकटीऐवजी हे चित्र छापायला हवे होते.
— एक वाचक, सातारा