मिक्श्चरचा स्क्रू आता चिपमध्ये आहे, तो आम्हाला दिसू द्या

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या गाड्यांचं ॲव्हरेज पडतं का, यावर सध्या सगळीकडे वाद चालू आहे. लातुरात औसा रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, त्याला एकतीस वर्षं झाली. माझा धाकटा भाऊ गावाकडे ऊस लावतो आणि त्याचा ऊस ज्या कारखान्याला जातो तिथं मळीपासून इथेनॉल होतं. त्यामुळे इथेनॉल बंद करा असं म्हणणारा मी नाही. पण या वादात गाडीतल्या कॉम्प्युटरचं नाव कुणी काढत नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या जानेवारीत रेणापूरकडचे एक निवृत्त गुरुजी त्यांची १९९८ सालची पेट्रोल गाडी घेऊन आले. प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून घेतलेली, जिवापाड जपलेली गाडी. म्हणाले, "मिस्त्री, सकाळी सेल्फ मारला की चालू होऊलालीय, पण गिअर टाकून रेस दिली की खोकून बंद पडूलालीय. दहा मिनिटं तापली की मग काही तक्रार नाही." तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलला, एकाने इंजेक्टर नवे घाला म्हणून सांगितलं. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने तर या मॉडेलचा ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) आता येत नाही, गाडी स्क्रॅपला काढा, असा सल्ला दिला.

मी आधी साधं-सोपं तपासलं. कूलंटचा सेन्सर मीटरवर धरला, फ्युएल प्रेशर पाहिलं, व्हॅक्यूमचे पाइप पाहिले. सगळं ठीक. गॅस ॲनलायझर लावला तर थंड इंजिनावर मिक्श्चर लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी.

हिशोब असा आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या अंगात आधीच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला ९ किलोच पुरते. २० टक्के इथेनॉल मिसळलं की १४.७ चा आकडा साडेतेराच्या आसपास येतो, म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे ८ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. इंजिन गरम असलं की सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर ही कमतरता सांगतो आणि कॉम्प्युटर इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. पण हा सेन्सर साधारण ३०० अंश तापल्याशिवाय बोलत नाही. तोवर गाडी चालते ती किती तापमानाला किती पेट्रोल सोडायचं याच्या कारखान्यात भरून दिलेल्या तक्त्यावर, आणि गुरुजींच्या गाडीतला तो तक्ता १९९८ च्या पेट्रोलचा होता.

मग ईसीएमचा डबा खोलला. आत २८ पायांची २७सी५१२ चिप, पाठीवर कागदी स्टिकर. स्टिकर सोलल्यावर काचेची गोल खिडकी दिसते आणि तिच्या तळाशी नखाच्या टोकाएवढा सिलिकॉनचा तुकडा चमकतो. त्या तुकड्यात ६५,५३६ बाइट, म्हणजे तेवढे आकडे. माझा भाचा पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. शेजारचा प्रोसेसर पाहून तो म्हणाला, "मामा, हा तर ८०५१ च्या घराण्यातला, आम्हाला अभ्यासाला आहे!" मला त्या क्षणी फार बरं वाटलं. जी विद्या आपली पोरं परीक्षेपुरती पाठ करतात, ती गुरुजींच्या गाडीत पंचवीस वर्षांहून अधिक काळ रोज चालत होती.

चिप रीडरवर वाचून घेतली आणि शटर ओढल्यावर रोज रात्री दोन-दोन तास बसलो. यंत्राची भाषा माणसाला वाचता येईल अशी मांडणारं घिड्रा नावाचं सॉफ्टवेअर अमेरिकेच्या एनएसए या संस्थेने २०१९ मध्ये मोफत खुलं केलं, ते भाच्याने वापरलं. मी जुन्या पद्धतीने कागदावर आलेख काढले. बहुतेक आकडे विस्कटलेले असतात, तो प्रोग्रॅम. मधेच एक पट्टा असा येतो की आकडे हळूहळू चढतात आणि हळूहळू उतरतात, बांधावर उभं राहून रानाचा उतार दिसावा तसे. तो तक्ता. असे कितीतरी तक्ते निघाले. त्यातला थंड इंजिनाचा कोणता, हे ओळखायला प्रोग्रॅम कूलंट सेन्सरचा आकडा कुठं वाचतो ते शोधलं आणि तिथून धागा धरून पुढं गेलो.

त्या तक्त्यात १२८ म्हणजे एकपट. २० अंशाच्या घरात १६० होतं, म्हणजे सव्वापट. तिथं आम्ही १७२ लिहिलं आणि आसपासच्या घरांनाही त्याच प्रमाणात वाढ दिली. मूळ चिपला हात लावला नाही, नवीन चिप भरून सॉकेटमध्ये बसवली. चेक लॅम्प लागला आणि गाडी ओढेना. सगळ्या बाइटची बेरीज प्रोग्रॅम चालू होताना पडताळून पाहतो आणि आम्ही आकडे बदलले पण बेरीज बदलली नव्हती. ती ओळ सापडायला आणखी चार रात्री गेल्या. बेरीज जुळवल्यावर पहाटे सहाला मी स्वतः गुरुजींच्या दारात उभा होतो. सेल्फ मारला, पहिला गिअर टाकला, गाडी फाटकाबाहेर एकदाही न खोकता गेली. नंतर इंजिन गरम करून पीयूसी काढली, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मर्यादेच्या आत.

माझ्या उस्तादाने मला पहिलं काम शिकवलं ते कार्बोरेटरच्या मिक्श्चर स्क्रूचं. स्क्रू हलक्या हाताने बसेपर्यंत आवळायचा, दीड फेरा सोडायचा आणि मग कान देऊन इंजिन ऐकायचं. तो स्क्रू फिरवायला कुणाची परवानगी लागत नव्हती आणि त्यासाठी कुणी गाडी स्क्रॅपला काढा म्हणत नव्हतं. आज तो स्क्रू चिपमध्ये गेला आहे, एवढाच फरक आहे. पेट्रोल बदललं की मिक्श्चर बदलावंच लागतं. हे माझं एकट्याचं मत नाही. जून २०२१ मध्ये नीती आयोग आणि पेट्रोलियम मंत्रालयाचा इथेनॉल मिश्रणाचा आराखडा आला, त्यात जुन्या पद्धतीच्या चारचाकींचं ॲव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्के कमी होईल असं लिहिलं आहे आणि इंजिनातल्या बदलांनी व ट्यूनिंगने हा तोटा कमी करता येतो, असं वाहन उत्पादकांच्या संघटनेचं म्हणणंही नोंदवलं आहे. मग विकून झालेल्या गाड्यांचं ट्यूनिंग कुणी करायचं?

असं खोलून पाहणं हा गुन्हा आहे असं पुष्कळांना वाटतं. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये, आपल्याकडे रीतसर असलेला कॉम्प्युटर प्रोग्रॅम कोणत्या तत्त्वावर चालतो हे समजून घेण्यासाठी त्याचं निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करण्याला स्पष्ट मोकळीक आहे. मोटार वाहन कायद्यातलंही नेमकं कलम ५२ च मालकाला बांधून ठेवतं: आरसीवरचा तपशील उत्पादकाने ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा फेरबदल करायचा नाही. दोन्ही कलमं मला मान्य आहेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून, डिझेलची ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवून प्रदूषण कमी करणारी व्यवस्था) बंद करून, "स्टेज वन" म्हणत ताकद वाढवायच्या नावाखाली काळा धूर सोडणाऱ्या गाड्या करून देणारे लोक मला अजिबात मान्य नाहीत. त्यांच्यामुळे ट्यूनिंग हा शब्दच बदनाम झाला आहे.

कंपनीने गाडीच्या सॉफ्टवेअरला कुलूप लावलं की हवा स्वच्छ राहते, हा युक्तिवादही मला पटत नाही. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं प्रकरण निघालं तेव्हा जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत चाचणीपुरता धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर कारखान्यातूनच भरलेलं होतं. स्टीअरिंग कसं फिरतंय, वेग काय, किती वेळ चाललंय हे पाहून चाचणी चालू असल्याचं ते ओळखायचं. त्याचा सुगावा लागला तो वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गाड्या रस्त्यावर चालवून धूर मोजला म्हणून.

आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणी मिळत नाहीत, हे त्यातलं मुख्य कारण. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारगाड्याही आहेत. तिथं मालकासाठीची पुस्तिका मिळाली तरी तक्ता मिळत नाही, आणि आम्हाला अडचण तक्त्याचीच आहे.

माझं मागणं एवढंच आहे की ज्या मॉडेलचा ईसीएम कंपनी आता देत नाही, त्याच्या इंधनाच्या तक्त्यांचे चिपमधले पत्ते, बेरजेची रीत आणि ई-२० साठी किती वाढ द्यायची ते आकडे कंपनीने जाहीर करावेत. अशी दुरुस्ती केल्यावर गॅस ॲनलायझरचा रिपोर्ट जोडून आरटीओत नोंद करायची सोय असावी, म्हणजे धूर काढणारा आणि दुरुस्ती करणारा वेगळे ओळखू येतील. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या पोरांना स्कॅनर लावून कोड वाचायला शिकवतातच, त्यापुढे चिप वाचायलाही शिकवावं. लातूर, बीड, धाराशिव, नांदेडकडे विशीतल्या गाड्या भरपूर आहेत आणि हौसेखातर कुणी त्या ठेवत नाही. नवी घ्यायची ऐपत नसते म्हणून ठेवतात.

गुरुजींच्या गाडीची मूळ चिप मी स्टिकर परत चिकटवून एका डबीत ठेवली आहे आणि कोणत्या पत्त्यावर कोणता आकडा बदलला ते तारखेसह वहीत लिहिलं आहे. कोणत्याही आयटीआय किंवा पॉलिटेक्निकच्या सरांना ती वही पाहायची असेल तर माझ्या दुकानात केव्हाही यावं. रविवारी भाचाही असतो.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन,
औसा रोड, लातूर