झोपेतही शरीर आवाज ऐकतं

महोदय,

रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या डीजेबद्दल तक्रार केली की ‘कानात कापूस घाला’ असं उत्तर मिळतं. पण प्रश्न फक्त कानांचा नाही. अचानक मोठा आवाज झाला की मेंदू तो धोका समजतो आणि अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणारी मज्जातंतूंची यंत्रणा, कामाला लागते. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन हे संप्रेरक (हार्मोन) रक्तात उतरतं, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, नाडी आणि रक्तदाब चढतो. ताण लांबला तर कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, रक्तातली साखरही. गाढ झोपलेल्या माणसाचीही नाडी अशी वाढते. सकाळी त्याला काही आठवत नाही, एवढंच.

माझ्या आईला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे. मिरवणूक दारावरून जाते तेव्हा मी तिचा हात धरून बसते. तळवा घामेजलेला, मनगटाची नाडी धडधडत असते.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, रुग्णालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रात ४०. पोलिसांनी तक्रारीची वाट न पाहता रात्री १० वाजता स्वतःहून आवाज मोजावा. आणि मंडळांनी मार्ग ठरवताना गल्लीत कोण आजारी आहे, हे आधी विचारावं.

– एक वाचक, ठाणे